कूलरपुढची पेटी आणि नसीमआपांचा अंतरा

शालिग्राम खंडारे यांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा घाबरलेली होते, आणि मी काही बोलण्याआधीच त्यांनी ते ओळखलं. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. प्रकल्प म्हणून मी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर वाजत नव्हता, नुसता गुणगुणत होता. प्रकल्प बुडाला तर वर्ष बुडणार, आणि वर्ष बुडालं तर घरात पुढची बोलणी कशाची निघतील हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अमरावतीच्या एका दुकानदारानं सांगितलं, "अकोल्याले खंडारेकडे जा. गुणगुण त्याइलेच समजते." म्हणून तो डबा मांडीवर घेऊन मी एसटीत बसले.

खंडारेकाकांनी डब्याचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि मला विचारलं, "भेव वाटते का तुले?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग हात नोको लावू. भेव वाटलं की सांगजो, तवा सुरू करू."

पाच मिनिटांनी मी कबूल केलं. त्यांनी हसत हातात जोड डागायचं सोल्डरिंगचं पेन दिलं. संध्याकाळी अ‍ॅम्प्लिफायर गप्प झाला आणि मग नीट वाजला. त्यानंतर दोन वर्षं मी दर शनिवारी त्यांच्या दुकानात शिकायला जात राहिले. आज एका महाविद्यालयाच्या ध्वनिकक्षात नोकरी करते, ती त्या शनिवारांच्या जोरावर.

या गौरवग्रंथाच्या बहुतेक वाचकांना काका ठाऊक आहेत ते 'ऊन लागून राहिलं' या एका गाण्यामुळे. नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. ऐंशीच्या दशकात काका अकोल्यात रेडिओ दुरुस्त करायचे. मुंबईहून आलेल्या एका ऑर्केस्ट्रात त्यांनी सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारं वाद्य, पाहिलं. विकत घेणं शक्य नव्हतं, म्हणून मोडक्या हार्मोनियमच्या पट्ट्या आणि जुन्या रेडिओंचे भाग जोडून त्यांनी स्वतःच एक वाद्य बनवलं आणि ते लोखंडी ट्रंकेत बसवलं. लोक त्याला 'खंडारेची पेटी' म्हणू लागले. त्या पेटीवर त्यांनी एक गाणं बांधलं. बाजाराला निघालेली एक बाई उन्हाशी भांडते, एवढाच त्याचा विषय. गायल्या अकोटच्या नसीमआपा. तेव्हा त्या तिथल्या ऑर्केस्ट्रात गात असत. मुंबईच्या एका कंपनीनं ते छोट्या तबकडीवर काढलं. आजची मुलं त्याला सिंथ-पॉप म्हणतात. हा शब्द काकांना मीच सांगितला. ते म्हणाले, "आमी त्याले पेटीचं गाणं म्हनत होतो. तुमी काहीबी म्हना."

आपल्या भागात लग्नाचा बँड हे गाणं वाजवल्याशिवाय मांडवापर्यंत पोचत नाही. आता ते मोबाइलवरही फिरतं. पण या कौतुकाला एक काळी बाजू आहे. तबकडीवरच्या दुसऱ्या अंतऱ्यात आवाज आणि पेटी एकमेकांना सोडून जातात. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई बेसूर झाली. ऑर्केस्ट्रावाल्यांमध्ये त्यावरून एक टोमणाच रूढ झाला. कुणाचा सूर सुटला की म्हणायचं, "आला नसीमचा अंतरा." बँडवाले तर तो अंतरा मुद्दाम वेडावाकडा वाजवतात आणि वऱ्हाडी हसतात. तबकडी निघाल्यावर वर्षभरात आपांना गायला बोलावणं बंद झालं. त्यांनी अकोटात शिवणवर्ग काढला. आजही तो चालवतात.

काका सगळ्यांना एकच सांगत आले की दोष कंपनीचा. कंपनीनं गाणं 'स्वच्छ' केलं, वरून गिटार चढवली, त्यात सूर बिघडला. त्यांचं हे बोलणं आम्ही शिष्य पुढे सांगत होतो. कंपनीला नक्कल दिलेली, ध्वनिमुद्रणाची मूळ टेप काकांच्या कपाटात होती, पण ती लावायची गोष्ट निघाली की काका म्हणत, "जुनी टेप आहे, वाजनार नाई."

काकांच्या चांगुलपणाची एक आठवण इथे सांगायलाच हवी. माझे बाबा भातकुलीजवळच्या आमच्या गावात पिठाची चक्की चालवतात. पोरगी दर शनिवारी परक्या शहरात, पुरुषांच्या दुकानात बसते, हे त्यांना पटत नव्हतं. एका शनिवारी मला घेऊन जायला ते स्वतः आले. काकांनी वाद घातला नाही. बाबांना बाकावर बसवलं, चहा दिला आणि एक उघडा रेडिओ व ब्रश हातात देऊन म्हणाले, "भाऊ, बसलेच आहा तं एवढी धूळ झाडून द्या." बाबांनी दिवसभर तीन रेडिओ साफ केले. परतताना एसटीत ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तो मानूस पोरीच्या हातातलं काम स्वतः घेत नाई. शिक तू."

काकांच्या पंचाहत्तरीनिमित्त गौरवसमितीनं ठरवलं की ग्रंथासोबत मूळ टेपवरचं गाणं लोकांना ऐकवायचं. हे काम माझ्याकडे आलं. मी आनंदानं टेप पाहायला गेले आणि पाहताच ती तशीच डब्यात परत ठेवली. इतक्या जुन्या टेपमधला चिकट थर ओलावा धरतो. यंत्रावर लावली की ती चिकटते, किंचाळते आणि आवाज ज्या तपकिरी लेपात असतो तोच सोलून निघतो. एकदा सोलला की संपलं. ती वाळवावी लागते, मंद आणि एकसारख्या उष्णतेत, तासन्‌तास. त्यानंतरही ती बहुधा एकदाच नीट वाजणार होती.

अशी टेप वाळवायचं यंत्र पुण्या-मुंबईला आहे, पण काका टेप हातातून सोडायला तयार नव्हते. म्हणाले, "अकोल्याच्या मे महिन्याइतकी चांगली भट्टी कोनाकडे आहे?"

मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही दुकानाच्या गच्चीवर पत्र्याचा खोका ठेवला. त्यात स्टीलच्या डब्यात टेप आणि शेजारी थर्मामीटर. पन्नासच्या थोडं वर हवं होतं, साठ गाठलं की टेप वाकडी होणार. पारा वर गेला की खोक्यावर सावली धरायची, खाली आला की काढायची. डोक्यावर ओला पंचा घेऊन काका दर दहा मिनिटांनी आकडा सांगत होते आणि मी लिहीत होते. दुपारी एकदा पारा अठ्ठावन्नवर गेला. मी छत्री धरली आणि पुन्हा पुन्हा वाकून पारा पाहू लागले, तेवढ्यात सावलीच सरकली.

"भेव वाटून राहिलं?" काकांनी विचारलं.

"हो. माझ्या हातून तुमचं गाणं गेलं तर?"

काकांनी पंचा पुन्हा ओला करून डोक्यावर घेतला. मग पाऱ्यावरची नजर न काढता म्हणाले, "मले दुसरंच भेव आहे. टेप चांगली वाजली तं? कंपनीची गिटार त्याच्यात नाई. तरी दुसरा अंतरा बिघडलेलाच निघाला, तं मंग दोष कोनाचा? नसीमचा, नाईतं माह्या पेटीचा."

तेव्हा मला समजलं की चाळीस वर्षं ती टेप कपाटात का राहिली. ती वाजणार नाही म्हणून नव्हे, तर वाजेल म्हणून.

मग त्यांनी ध्वनिमुद्रणाचा दिवस सांगितला. अकोटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हंगाम संपल्यावर मालकानं एकच दिवस हॉल दिला होता. विकायच्या राहिलेल्या रुईच्या गाठी त्यांनी चहूबाजूंनी रचल्या, म्हणजे आवाज घुमू नये. टेपचं यंत्र अमरावतीहून एका दिवसापुरतं आणलेलं. मोठा धाक होता तो उन्हाचा. पेटीतले भाग तापले की सूर आपोआप उतरायचा. म्हणून त्यांनी पेटी कूलरच्या तोंडाशी ठेवली. कूलर बंद करता येत नव्हता, तेव्हा त्याच्या घोंघाटालाच 'सा' मानून काकांनी पेटी लावली आणि नसीमआपांनीही तोच सूर धरला. मागे सतत वाजणारा तो घोंघाटच पुढे कंपनीनं पुसून टाकला.

"कूलरमंदी पानी टाकाचं काम माह्याकडे होतं," काका म्हणाले. "टाकलं का नाई, आठवत नाई. चाळीस वर्सं आठवून राहिलो."

संध्याकाळी टेप गार झाली, पण काकांनी ती लावू दिली नाही. "नसीम समोर बसल्याशिवाय लावू नोको. एकट्यानं आयकलं तं मी लपवून ठेवीन. मले मी ठाऊक आहे." इतकं सरळ बोलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकोटहून आपांना घेऊन आले. गाडीत मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. टेपवर त्याच बेसूर निघाल्या तर एका म्हाताऱ्या बाईला तिचा अपमान पुन्हा ऐकवायला मी घेऊन चालले होते. त्या मात्र खिडकीतून वारा घेत, "अकोल्यात साबुदाणावडा कुठं चांगला भेटते?" असं विचारत होत्या.

दुकानात त्या काकांसमोर बसल्या. मी टेप लावली आणि बटण दाबलं. आधी कूलरचा घोंघाट आला, भरदार, एकसारखा. त्यात पेटी मिसळली, मग आपांचा आवाज. तिन्ही एका सुरात इतके बसलेले होते की कोणता आवाज कुठं सुरू होतो ते कळेना. तबकडीवर हे कधी ऐकूच आलं नव्हतं. पहिला अंतरा गेला. यंत्राच्या कडेला तपकिरी भुकटी साचू लागली. टेप एकदा बारीक किंचाळली, माझा हात बटणाकडे गेला आणि काकांनी तो धरून ठेवला.

दुसऱ्या अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीला पेटी उतरू लागली. हळूहळू, उतारावर सोडलेल्या बंडीसारखी. कूलरचा पंखा आपल्या जागी होता. आपांचा आवाज त्या पंख्याला धरून होता, तसूभर हललेला नव्हता. पेटी दोघांना सोडून खाली जात राहिली, गाणं संपेपर्यंत.

कूलरमधलं पाणी संपलं होतं. कूलरच्या कोरड्या पडलेल्या वाळ्याच्या ताट्यांतून गरम वारा येऊन पेटी तापली होती. कंपनीनं घोंघाट पुसला तेव्हा कोण हललं आणि कोण जागेवर राहिलं हे सांगणारा साक्षीदारच गेला. पेटीच्या उतरत्या सुराला धरून चढवलेल्या गिटारनं तिचीच बाजू घेतली आणि एकटी पडली ती बाई.

काका उभे राहिले. त्यांनी हात जोडले. "नसीम, पेटी माही उतरली होती. मी चाळीस वर्सं कंपनीचं नाव सांगत होतो."

आपा शांतपणे म्हणाल्या, "मले तवाच मालूम होतं, शालिकभाऊ."

"मंग काहून नाई बोलली?"

"बोलली असती तं तुमी पेटी गार करत बसले असते. हॉल एकच दिन का था. गाणं झालंच नसतं." मग त्यांच्याकडे पाहत, "वाटलं, तुमी आयकलं असन. तुमीच सांगान लोकाइले. रस्ता पाहत होती."

मी यंत्र बंद केलं. मग वड्याची आठवण आपांनीच करून दिली.

टेप वाजत असतानाच गाणं संगणकावर पूर्ण उतरवून घेतलं आहे. ग्रंथासोबत ते कूलरच्या घोंघाटासकट ऐकायला मिळेल. टेप आता कोरी झाली आहे, पुन्हा वाजणार नाही. काकांनी मला बजावलं, "हे सारं तुह्या लेखात लिहिजो." समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांना ते रुचलं नाही. गौरवग्रंथात सत्कारमूर्तींची चूक छापणं त्यांना शोभणारं वाटेना. काकांनी त्यांना फोनवर विचारलं, "मंग गौरव कायचा करून राहिले?" हा लेख देतानाही मी घाबरले होते. पण काकांकडे शिकलेली मुलगी भीती वाटली म्हणून काम सोडत नाही.

तेव्हा वाचकहो, यापुढे कुणी सुटलेल्या सुराला नसीमआपांचं नाव दिलं तर त्याला थांबवा. त्या दिवशी हॉलमध्ये उतरली ती पेटी, जागेवर राहिला तो त्यांचा गळा.

सत्काराच्या दिवशी आपांनी दुसरा अंतरा सर्वांसमोर गावा, अशी विनंती काकांनी स्वतः अकोटला जाऊन केली आहे. त्या नाही म्हणतील या धास्तीनं ते त्या दिवशी चहाही न घेता परतले. आपांनी होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही. "पाहू," एवढंच म्हणाल्या. त्यांना पाहायला जितका वेळ हवा असेल, मग ती वर्षं का असेनात, तितकं निरोगी आयुष्य काकांना मिळो, आणि त्यांचे कान तोवर आजच्यासारखेच तिखट राहोत, अशी माझी मनापासून प्रार्थना आहे.