सूनबाईंची तीन मिनिटं

किर्गिझस्तानातल्या अत-बाशीच्या बेगिमायनं बुद्धिबळात हरवलेली माणसं जगभर पसरली आहेत, आणि त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही की आपण हरत होतो तेव्हा ती बाई चहा ओतत होती.

फोनवरच्या तीन मिनिटांच्या बुद्धिबळाचं वेड तिला माहेरापासूनचं. पण सासरी सुनेला सलग तीन मिनिटं कोण देतो? वडीलधारं कुणी दारात आलं की उठायचं, वाकायचं, चहाची पियाली भरायची. दुसरी एखादी खेळच सोडून बसली असती. बेगिमायनं खेळ घराच्या मापानं बेतून घेतला. उंट कोपऱ्यात, राजा आडोशाला, प्यादी एकेक घर पुढं. सुरुवातीच्या चाली इतक्या पाठ, की समोरचा विचार करतोय तोवर हिची पुढची चाल लावून तयार. असा वेळ साठवायचा आणि पाहुण्यांवर खर्चायचा. मधल्या डावात ती कुणाच्या अंगावर जायची नाही. नाही म्हणायचं नाही आणि जागाही सोडायची नाही, अगदी सुनेचाच बाणा. समोरचा हल्ले करून दमला, त्याचं घड्याळ आटलं, की मग हिचे घोडे सुटायचे. एका चिडलेल्या गड्यानं लिहिलं, तू माणूस नाहीस, यंत्र आहेस. हिनं उलट लिहिलं, यंत्राला सासरा नसतो.

सासरा म्हणजे मायरामबेक-आके; थोरल्या पुरुषांना इथं आके म्हणतात. माणूस लोण्यासारखा, पण फोन म्हणजे खुळखुळा हे त्यांचं ठाम मत.

त्या शरदात नारीन प्रांताच्या महिला संघाची निवड फोनवरच चालली होती. निवडलेल्या बायका वसंतात बिश्केकला जाऊन खऱ्या पटावर बसणार होत्या. बेगिमाय आजवर खऱ्या स्पर्धेच्या पटाला शिवलीही नव्हती. शेवटचा एक डाव उरलेला. नुसता बरोबरीत सोडवला तरी जागा पक्की. नवरा ट्रक घेऊन सीमेकडं गेलेला, घर शांत. तिनं फोन चहाच्या सामोवारला टेकवला आणि डाव सुरू केला.

आणि व्याही आले. नणंदेचे सासरे, असानकुल-आके, उंच टोपी घालून, न सांगता.

बेगिमाय उठली, वाकली, तळलेले बोरसोक आणि साय मांडली. एक चाल, एक पियाली. डाव तर फक्कड रंगला होता, समोरचीचा राजा उघडा पडला होता. डोळा पटावर आणि हात चहादाणीवर, आणि तेवढ्यात घात झाला. व्याह्यांची पियाली काठोकाठ भरली.

आपल्या किर्गिझांत पाहुण्याला अर्धीच देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येते. काठोकाठ म्हणजे, झालं, आता निघा. असानकुल-आकेंनी पियालीकडं पाहिलं, शांतपणे टोपी सारखी केली आणि उठायला लागले. मायरामबेकांच्या तोंडचं पाणी पळालं. लेक त्या घरात नांदत होती.

फोनवर घड्याळ पळत होतं. बेगिमायनं फोनकडं पाठ केली. पियाली रिकामी केली, अर्धी भरली, दोन्ही हातांनी पुढं धरली.

"आके, हात चुकला माझा, मन नाही चुकलं. बसा."

म्हातारा पाहुणा तिच्या खांद्यावरून फोन बघत होता. "वेळ कुणाचा जातोय हा?"

"माझाच."

"मग इथं काय उभी राहिलीस, बाळा? खेळ की. चहा तुझा सासरा ओतेल."

आणि जन्मात कधी चहादाणी न उचललेल्या मायरामबेकांनी ती खरोखर उचलली.

बोटांवर मोजण्याइतके सेकंद उरलेले. आता जिंकणं शक्य नव्हतं, तेवढा वेळच नव्हता. साठवून, दमवून खेळणाऱ्या बेगिमायनं आयुष्यात पहिल्यांदा सगळं उधळलं: हत्ती देऊन टाकला आणि आपल्या वजिरानं उघड्या राजाच्या मागं लागली. शह. राजा सरकला. शह. राजा परत. पुन्हा शह. त्या बिचाऱ्या राजाला दोनच घरं. तीच मांडणी तिसऱ्यांदा आली आणि नियमानं डाव बरोबरीत सुटला. घड्याळात फुंकर मारायलाही वेळ उरला नव्हता.

तिनं हळूच सांगितलं, बिश्केकला जायचंय. सासऱ्यांनी चहादाणी खाली ठेवली. व्याह्यांनीच विचारलं, "का हो मायरामबेक, जाऊ देणार ना?"

"जाऊ दे की," सासरे सदऱ्यावर सांडलेला चहा पुसत म्हणाले. "पण सूनबाई, तोवर हे ओतायचं मला नीट शिकवून जा."

व्याही संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. राजाला तिसरं घर का मिळालं नाही, ते त्यांना समजून घ्यायचं होतं.