गाडीखालचं गवत
सुकं गवत जळल्याचा वास आला की मला नेऱ्याच्या रस्त्यावरची ती दुपार आठवते. माझ्या नवऱ्याने तेव्हा एक जुनी, दोनच दारांची स्पोर्ट्स कार घेतली होती. पनवेलच्या गॅरेजात सायलेन्सर काढून त्याने जाड, मोकळा पाइप बसवला होता आणि इंजिनही ट्यून करून घेतलं होतं. शेताच्या कडेला गाडी थांबवून, इंजिन चालूच ठेवून तो मला खाली घेऊन आला. “आवाज ऐक नुसता!” सासूबाई मागच्या सीटवर झोपल्या होत्या. एवढ्यात शेतातली एक बाई ओरडली, “ओ दादा, गाडीखाली आग लागली हाय!” तापलेल्या पाइपने गवत पेटलं होतं. सासूबाईंना बाहेर काढायला मी पुढची सीट दुमडू लागले, पण ती हलेना. धुरात त्या काचेवर हात आपटत होत्या. “सरक!” म्हणत नवरा आत घुसला आणि त्यांच्यासकट गाडी पुढे पळवली. जळत्या गवताच्या अलीकडे मी उभी होते. गाडी लांब नांगरलेल्या मातीत जाऊन थांबली, तशी मी आगीला वळसा घालून तिकडे धावले. सासूबाई सुखरूप होत्या, पण पुन्हा त्या गाडीत बसल्या नाहीत. आम्ही दोघी एसटीने परतलो आणि स्टँड येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. आता मी त्यांच्या वयाची झालेय, तरी कुणाच्याही गाडीत मला दाराशीच बसायचं असतं.