लागलं की 'हं' म्हण

तळेघरकडच्या वाड्यांवर रखमाजी दिसला की पटापट दारं लागायची. हा कुष्ठरोग तपासणारा सरकारी माणूस. लोक त्याला चट्टेवाला म्हणत. "आला मेला! आता कुनाचं घर बुडवतोय!" बाया तोंडावर बोलत. कुणी प्यायला पाणी देईल तर शपथ! रखमाजीही काही मऊ नव्हता. "बोटं वाकडी झाली की याल माज्याच दारी," असं सुनावून तो पुढची चढण चढायचा. बारा वर्षं हेच चाललं होतं.

शहाण्णव साली तो ठकूबाईच्या ओट्यावर जाऊन बसला. तिच्या लेकीच्या, हर्षालीच्या हातावरचा फिकट चट्टा त्याने घोडेगावच्या बाजारात पाहिला होता. पोरीचं लग्न महिन्यावर आलेलं.

"लगीन मोडाया आलास व्हय रं?"

"लग्नाचं ऱ्हाऊ द्या, बाई. पोरीचा हात जाईल त्याचं काय?"

तीन खेपा शिव्या खाल्ल्या, तेव्हा कुठं ठकूबाई म्हणाली, "तपास. पर माज्यासमोर. काय नाय निघालं तर पुन्यांदा हितं पाय ठेवायचा न्हाई."

रखमाजीने काड्यांना बसवलेले नायलॉनचे दोरे काढले, बारीक आणि जाड. डोळे मिटायचे, दोरा टेकला की 'हं' म्हणायचं. कुठला दोरा कळतो, त्यावर डॉक्टर औषध ठरवायचे आणि हात रोज भिजवून तेल लावायचं का, तेही.

बारीक दोरा टेकला. "हं." करंगळीजवळ टेकला. "हं." सगळीकडे हं! रखमाजी चक्रावला. चट्टा तर कोरडाठाक, घामाचा टिपूस नाही, म्हणजे बधिरच असायला हवा. मग त्याच्या कानाने पकडलं. दरवेळी 'हं'च्या आधी ठकूबाईची कांकणं वाजत होती. मायलेकींनी बेत ठरवूनच ठेवला होता.

अस्सं! त्याचं टाळकं सरकलं. त्याने दोरा कातडीपासून बोटभर वर धरला. कांकणं वाजली.

"हं."

"डोळं उघड, पोरी."

दोरा अजून अधांतरीच होता.

"मुडद्या! फशिवतोस आमाला?" ठकूबाईने त्याची पिशवी उचलून अंगणात भिरकावली.

हर्षाली मात्र हलली नाही. तिने हात उलटा केला. करंगळीच्या कडेला भाजल्याचा फोड फुटून चिघळला होता.

"ह्ये कवा भाजलं, मला ठावं न्हाई," ती म्हणाली.

"आये, तू भाईर जा." हर्षालीने डोळे पुन्हा मिटले. "भाऊ, पयल्यापासनं तपासा."