चिरेला लावलेलं मीठ

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवापुढे उभं राहून बाकी सगळं मागितलं, पण हे तिथंही बोललो नाही. आता तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर सांगतो. मध्येच अडलो तर जरा दम धरा — सवय नाही.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत एक डॉक्टरसाहेब होते. त्यांच्याकडे एक विलायती मोटार होती — लांबलचक, गर्द हिरवी, साऱ्या जिल्ह्यात दुसरी नाही. स्वातंत्र्याच्या आधी डॉक्टरांनी एका जहागीरदारांच्या बायकोचा जीव वाचवला, म्हणून जहागीरदारांनी ती त्यांना दिलेली. बॉनेटखाली पितळी पट्टीवर एक नंबर होता, आणि तोच नंबर इंजिनाच्या ब्लॉकवर कोरलेला. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी डॉक्टर त्याला ते दोन नंबर दाखवायचे. आणि स्टेथॉस्कोप! महिन्यातून एकदा माझ्या गॅरेजात यायचे, इंजिन चालू करायला लावायचे आणि नळी कानाला लावून ब्लॉकवर टेकवायचे. डोळे मिटून ऐकायचे. मग म्हणायचे, "ठणठणीत आहे." पेठेतली माणसं हसायची. मीही हसायचो.

मी मंद्रूपचा. मोटारींचं काम हातानंच शिकलो, आणि डिझेल इंजिन बसवण्यात माझा हात धरणारा सोलापुरात कुणी नव्हता. हे बढाई म्हणून सांगत नाही — अगदी खोटं कशाला बोलू, थोडी बढाई आहेच. सत्तरनंतर पेट्रोल कडाडलं तसे लोक जुन्या मोटारींची मूळ इंजिनं काढून डिझेल घालायला लागले. माझ्याकडे रांग असायची. मी डॉक्टरांच्याही मागे लागलो होतो. दर वेळी एकच उत्तर — "मल्लिनाथ, जशी आली तशी जाऊ दे की तिला." मला राग यायचा. एवढा शिकलेला माणूस आणि एका लोखंडाच्या तुकड्यासाठी अडून बसतो. मनात म्हणायचो, एकदा माझ्या हातात द्या, मग बघा. हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

दसऱ्याला मोटारीची पूजा असते. डॉक्टर आदल्या दिवशी मोटार माझ्याकडे पाठवायचे — धुवायला, पुसायला, बस्स. त्या वर्षी खंडेनवमीला माझी हत्यारं पूजेला मांडलेली होती, म्हणजे कामाला हात लावायचा नाही. आणि गॅरेजात ती मोटार उभी. दसऱ्याच्या सकाळी मला काय वाटलं कोण जाणे — नाही, मला नक्की माहीत आहे काय वाटलं. मंद्रूपला जाऊन गावच्या पारापुढे ती मोटार उभी करावी, असं वाटलं. मल्लू मेस्त्री काय झालाय ते लोकांनी बघावं, असं वाटलं.

गेलो. बघितलं लोकांनी. चुलत्यानं बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाला, "लई झ्याक हाय की रं. तुजीच व्हय?" आणि मी हसलो फक्त. नाही म्हणालो नाही.

परत येताना उन्हं चढली होती. मोटार इतकी लांब कित्येक वर्षांत गेली नव्हती. गॅरेजात पोचलो तेव्हा रेडिएटर फुसफुसत होता आणि इंजिनाजवळ हात धरवत नव्हता. डॉक्टर अकराला यायचे होते, आणि मोटारीवर, अगदी बॉनेटखाली इंजिनावरसुद्धा, मंद्रूपची सगळी धूळ. तापलेल्या इंजिनावर गार पाणी घालायचं नाही — हे सोलापुरातला कुठलाही ड्रायव्हर सांगेल. मी स्वतः यावरून ड्रायव्हरांना शिव्या घातल्यात. पण धूळ दिसली तर डॉक्टर विचारणार होते, कुठं नेली होतीस? म्हणून मी बॉनेट उघडलं, हौदातून बादली भरली आणि इंजिनावर ओतली.

टच्. एवढाच आवाज. ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा — ते वाकत नाही, तडकतं. बोटभर लांब चीर, आणि तिच्यातून पाणी झिरपायला लागलं.

डॉक्टर आले. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मी शेजारी हात जोडून उभा होतो. बॅटरी उतरलीय, दोन दिवसांनी आणून देतो, असं सांगितलं. त्यांनी माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि पाठीवर थाप मारली. त्या वेळी सांगता आलं असतं. तोंड उघडायचं होतं फक्त. का नाही उघडलं?

आता जे सांगायचं ते पुढेच आहे. इथवरचं झालं ते घाईत झालं म्हणता येईल. पुढचं घाईत नाही झालं.

ताजी चीर ओळखू येते. तिच्या कडा स्वच्छ करड्या, चकाकत असतात. जुनी चीर गंजलेली असते. मी वाटीत मीठ कालवलं, आणि दोन दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ त्या चिरेला कापसानं मिठाचं पाणी लावत बसलो. तिसऱ्या दिवशी लालसर गंज धरला. मग डॉक्टरांना बोलावलं आणि दाखवलं — "साहेब, जुनीच चीर हाय ही. आतल्या आत वाढत होती."

त्यांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं. त्यांना वाटलं, आपल्यालाच ऐकू आलं नाही. ते म्हणालेही तसं — "इतकी वर्षं नळी लावून ऐकतोय, आणि मला कळलं नाही रे."

ती चीर सांधता आली असती का? आली असती. होटगीला रेल्वेतून निवृत्त झालेले एक वेल्डर होते, बिडाचं काम त्यांच्यासारखं कुणाचं नव्हतं. पण ते डॉक्टरांचे जुने पेशंट. आणि त्यांनी चीर तासायला घेतली असती की गंजाखालचं करडं लोखंड लगेच वर आलं असतं. म्हणून मी सांगितलं की ब्लॉक सांधण्यापलीकडे गेलाय, मुंबईला पत्र टाकतो, दुसरा मिळतो का बघू, तोवर डिझेल बसवून देतो. पत्र मी कधीच टाकलं नाही.

डिझेल बसवलं. जीव ओतून बसवलं. खरं सांगू? बसवताना मला आनंद झाला. अखेर म्हातारा माझ्या हाती लागला, असं वाटलं. सगळ्यात लाज मला त्या आनंदाची वाटते.

मोटार रस्त्यावर आली ती ट्रकसारखी धडधडत. डॉक्टर लोकांना सांगायचे, "मल्लिनाथ होता म्हणून वाचली." पण स्टेथॉस्कोप पुन्हा कधी बॉनेटखाली गेला नाही. मी जुना ब्लॉक टाकून देऊ नये, एवढंच त्यांनी बजावलं होतं. चार-दोन महिन्यांनी यायचे आणि विचारायचे, "आलं का रे पत्र मुंबईहून?" मी म्हणायचो, "न्हाय साहेब, अजून न्हाय." पाच वर्षं. दर वेळी ते म्हणायचे, "असू दे. येईल."

शेवटी ते अंथरुणाला खिळले. भेटायला गेलो. आवाज गेला होता जवळजवळ, तरी विचारलं तेच. आणि मी म्हणालो, "आलं साहेब. ब्लॉक मिळतोय."

त्यांनी माझा हात धरला. "मग काढ ते डिझेल," म्हणाले, "तिचं तिला बसव."

"व्हय साहेब."

आठवड्याने ते गेले. डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या काकू, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, त्या दिवशी ते कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले, मल्लिनाथनं चांगली बातमी आणली म्हणून. तुम्हीही म्हणाल, मरणाऱ्या माणसाला तेवढा दिलासा दिला, त्यात काय वाईट? मी दिलासा म्हणून नव्हतं सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारू नये म्हणून सांगितलं.

मोटार पुढे काकूंनी जावयाला दिली, त्याने विकली. कुठं आहे ठाऊक नाही. ब्लॉक माझ्याकडे आहे, गॅरेजच्या मागच्या खोलीत. इतक्या वर्षांत त्यावर खराखुरा गंज चढलाय. मी मिठानं आणलेला कुठला आणि आपोआप आलेला कुठला, ते आता मलाही सांगता येणार नाही. नंबर तेवढा अजून वाचता येतो.