हेड घासलेलं इंजिन

आमच्या घरात पोरांना पाढ्यांच्या आधी पान्यांचे नंबर पाठ व्हायचे. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गॅरेज धुळ्याच्या कडेला, घराला चिकटून, पत्र्याच्या शेडमध्ये होतं. मी लग्न होऊन जळगावला गेले ती पंक्चरसुद्धा काढता न येणाऱ्या माणसाच्या घरी. माय तेव्हा म्हणाली होती की बरं झालं, तुझ्या घरातले टॉवेल तरी पांढरे राहतील. ते राहिले. पण कान मात्र माहेरचेच राहिले. आजही रस्त्याने गाडी गेली की मी भाजी चिरता चिरता तिचा कुठला प्लग मिस मारतोय ते सांगते, आणि नवरा म्हणतो, तुला कोणी विचारलं?

आबांकडे एक जीप होती. लष्कराने मोडीत काढलेली, लिलावातून या हातातून त्या हातात फिरत आमच्याकडे आलेली, साइड व्हॉल्व्ह पेट्रोल इंजिनाची. साइड व्हॉल्व्ह म्हणजे काय हेही मला कोणी विचारत नाही, तरी सांगते. हल्लीच्या इंजिनात व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये असतात. या जुन्या इंजिनात ते खाली, ब्लॉकमध्ये, पिस्टनच्या शेजारी उभे असतात, आणि वरचं हेड म्हणजे नुसतं ओतीव बीडाचं चपटं झाकण. हवा आत येते ती वळसा घालून आणि धूर बाहेर जातो तोही वळसा घालून. म्हणून ही इंजिनं दमाला कमी. आमच्याकडे हॉर्सपॉवर वगैरे कोणी म्हणत नाही. गाडीत दम आहे किंवा नाही, एवढंच. आबांच्या गाडीत नव्हता. खानदेशातल्या बाकी सगळ्यांनी आपापल्या जीपमधून पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं, तरी आबांनी बसवलं नाही. ट्रॅक्टरसारखी घरघर मला दारात नको, असं ते म्हणायचे.

घराकडे येताना नाल्यावर एक फरशी, म्हणजे बुटका पूल, आहे आणि तिच्यानंतर लगेच चढ. आबा फरशीवर दुसरा गिअर टाकत. तो आवाज घरात आला की माय तव्यावर भाकरी टाकायची. आबा हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत भाकरी फुगलेली असायची. आयुष्यभर तिने घड्याळ पाहिलं नाही आणि आयुष्यभर भाकरी गारही झाली नाही.

आबा गेले, आणि त्यानंतर काही वर्षांनी मायचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग शेजारच्यांची नावं, मग मी. मला ती कधी नणंद समजते, कधी नर्स. मला राग येतो. यायला नको, हे कळतं, तरी येतो. एवढी बाळंतपणं हिने माझी काढली आणि मला विचारते, तुमचं लग्न झालं का? पण आबा गेल्याचं मात्र ती पहिल्याच फटक्यात विसरली. संध्याकाळ झाली की दारातल्या ओट्यावर येऊन बसायची आणि जेवायला हाक मारली की एकच उत्तर द्यायची.

"त्या येतीन, मंग जेवसू."

ते, म्हणजे आबा, आले की मग जेवू. मग रात्रभर उपाशी. समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, आबांच्या फोटोला घातलेला हारसुद्धा दाखवला. तो दाखवला तेव्हा ती जी रडली, ते पाहून मी स्वतःला चार शिव्या घातल्या. मार्ग सापडला तो माझ्या धाकट्या भावाला. गॅरेज आता तोच चालवतो. त्याने एका संध्याकाळी जीप काढली, मागच्या रस्त्याने लांबून फिरवून आणली आणि फरशीवर दुसरा गिअर टाकला. माय ओट्यावरून उठली.

"ऊनात," आले, असं म्हणाली, आणि आत जाऊन ताटासमोर बसली.

आत आलेल्या माणसाकडे ती पाहतही नसे. आबा आले, घरात आहेत, हात धुताहेत, एवढं तिला पुरायचं. तेव्हापासून भाऊ रोज ती फेरी मारू लागला. पाव्हणे असोत, ताप असो, फेरी चुकली नाही. मायच्या रात्रीच्या जेवणाची किल्ली त्या जीपच्या आवाजात होती आणि हे आम्हा दोघांनाही चांगलं ठाऊक होतं.

तरी पुढचं झालंच. भाऊ जुन्या गाड्यावाल्यांच्या एका ग्रुपमध्ये गेला. जळगावच्या एका मारवाडी कापड व्यापाऱ्याच्या मुलाने तो जमवला होता. मुलगा गोड, हातात पैसा, गाड्यांवर जीव. हिवाळ्यात सगळे मिळून तोरणमाळला गेले. घाटात आबांची जीप उकळली. बाकीच्यांचा वर जाऊन चहा पिऊन झाला तरी भाऊ खाली बॉनेट उघडून बसलेला. कोणी वाईट बोललं नाही. एकाने फक्त व्हिडिओ काढला आणि त्याला बैलगाडीचं गाणं लावून ग्रुपवर टाकला. भावाने तो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "आबांची गाडी मागे राहिली अक्का."

मी लगेच फोन केला. म्हटलं, राहू दे मागे, तिला काय शर्यत जिंकायची आहे? इंजिनाला हात लावू नकोस, मायचं जेवण आहे त्यात.

"अक्का, मी आवाजले काय करस का?" तो म्हणाला. "दम वाढावस फक्त. आवाज तोच राही, उलटा भारी येई."

तो काही अडाणी मिस्त्री नाही, हे मला सांगितलं पाहिजे. खरोखर त्याला तसंच वाटत होतं, आणि थोडं मलाही वाटलं. आम्ही दोघं त्या गॅरेजमध्ये वाढलो, पण इंजिनाच्या आवाजाकडे आम्ही नेहमी दुरुस्तीसाठीच पाहिलं होतं. आवाज बिघडलेला असतो किंवा बरोबर असतो. बरोबर आवाज दोन प्रकारचे असू शकतात हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

आठवडाभराचं काम म्हणून त्याने इंजिन उघडलं. आठवडा लांबत लांबत होळी आली. मी रजा टाकून धुळ्याला जाऊन राहिले, कारण जीप बंद म्हणजे मायला सांभाळायला कोणीतरी हवं. आबा मुक्ताईनगरला भाडं घेऊन गेलेत, उद्या येतील, असं आम्ही रोज सांगायचो. काही दिवस ती मान डोलवून दोन घास खायची. काही दिवस ताट सरकवायची. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या होत्या.

शेडमध्ये मात्र भावाच्या अंगात आलं होतं. हेड घासून आणलं, म्हणजे त्याची खालची बाजू मशीनवर ताशून घेतली, की पिस्टनच्या डोक्यावरची जागा कमी होते आणि दाब वाढतो. सिलिंडर बोर करून, म्हणजे आतून कोरून, मोठे पिस्टन घातले. हवेच्या वाटा आतून घासून रुंद आणि गुळगुळीत केल्या. कॅम घासून घेतला, की व्हॉल्व्ह जास्त उचलावेत आणि जास्त वेळ उघडे राहावेत. कार्ब्युरेटर मोठा बसवला. रागावलेली असूनही मी स्टुलावर बसून पाहत राहायचे, कारण काम सुरेख चाललं होतं आणि सुरेख काम सोडून मला उठवत नाही, माहेरच तसं आहे.

हेड इतकं घासल्यावर व्हॉल्व्ह वर येऊन त्याला आपटतील का, ही भीती असते. ते तपासायला भावाने माझ्याकडे कणीक मागितली. मी परातीतून गोळा आणून दिला. त्याने व्हॉल्व्हवर कणकेच्या छोट्या गोळ्या ठेवल्या, हेड बसवून आवळलं, इंजिन हाताने फिरवलं आणि पुन्हा उघडलं. गोळ्या दबून पापडासारख्या झाल्या होत्या. त्यांची जाडी म्हणजे मधली मोकळी जागा. माय दारात येऊन उभी होती. त्या काळ्या लोखंडावरच्या पांढऱ्या चकत्या तिने पाहिल्या.

"ह्या कोन खाई?" तिने विचारलं.

आम्ही दोघं पोट धरून हसलो. तीही हसली. त्या सगळ्या दिवसांत एवढं एकदाच हसणं झालं.

इंजिन चालू झालं तेव्हा भावाने मला शेजारी बसवून लळिंगचा घाट चढवला. जिथे आबा पहिल्या गिअरवर येऊन देवाचं नाव घेत, तिथे आम्ही तिसऱ्यावर गेलो. ट्रक मागे पडला. भाऊ स्टिअरिंगवर हात मारून हसत होता, डोळ्यांत पाणी, आणि ओरडून सांगत होता की आबांनी हे पाहायला हवं होतं. मीसुद्धा खूष होते. खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी मी मायला ओट्यावर बसवलं, भाकरीचं पीठ मळून ठेवलं. नाल्याकडून जीप आली. फरशीवर दुसरा गिअर पडला. आवाज भरीव होता, गुरगुरता, एकेक ठोका सुटा. कोणीही मान वळवून पाहावं असा. मायने मान वळवून पाहिलं.

"कोन ऊना?" तिने मला विचारलं.

"आबा ऊनात," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिला फसवते आहे हे तिला स्वच्छ कळलं होतं. दारातल्या जीपकडे बघून तिने पदर डोक्यावर ओढला. परक्या माणसासमोर ओढतात तसा. ताटाला तिने हात लावला नाही.

मग भावाने सगळं उलटं फिरवायला घेतलं. जुना कार्ब्युरेटर परत बसवला. हेडखाली एकावर एक दोन गॅसकेट घातली, दाब कमी व्हावा म्हणून. त्यातून पाणी गळलं. मालेगावच्या भंगारातून न घासलेलं हेड शोधून आणलं. पारोळ्याला एका मळ्यात तशीच जीप कोंबड्या बसायला पडून होती, तिच्यातला कॅम काढून आणला. प्रत्येक वेळी आवाज थोडा जवळ यायचा, प्रत्येक वेळी संध्याकाळी मी मायच्या तोंडाकडे पाहायचे, आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न. एका भाच्याच्या लग्नाच्या व्हिडिओत जीपचा जुना आवाज सापडला, तो मोबाइलवरून स्पीकरला लावला. माय म्हणाली टीव्ही बंद करा, डोकं दुखतंय.

तेव्हा कुठे आम्हाला कळलं काय हातचं गेलंय ते. आबांच्या इंजिनाचा एक सिलिंडर थोडा मेलेला होता. व्हॉल्व्ह उचलणारा एक टॅपेट खडखडायचा, तो आबांनी कधी नीट बसवला नाही. सायलेन्सरला भोक होतं, त्यावर डब्याचा पत्रा गुंडाळलेला. मायला इंजिन ओळखीचं नव्हतंच, त्याची दुखणी ओळखीची होती, आणि ती भावाने एकेक करून बरी केली होती. त्याने नंतर टॅपेट मुद्दाम ढिले करून पाहिले. चांगलं इंजिन मुद्दाम बिघडवताना मी त्याला पाहिलं आणि शेडमधून उठून आले. बोर केलेला ब्लॉक पुन्हा लहान होत नाही. ताशलेल्या बीडाचा भुसा झाला आणि तो झाडून बाहेर गेला. त्याला रागावण्यासाठी माझ्याकडे खूप होतं, पण त्याचं तोंड पाहून मी त्याच्यासाठी चहा ठेवला.

शेवटचा प्रयत्न झाला त्या संध्याकाळी भाऊ जीप दारात लावून, इंजिन चालूच ठेवून आत आला. थकला होता. ओट्यावर मायसमोर खालीच बसला. मायने त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि मला म्हणाली, पाव्हण्यांना पाणी दे. मी दिलं. मग म्हणाली, ताट वाढ. मी वाढलं. भाऊ भाकरी मोडू लागला. पाव्हण्याला एकट्याला जेवायला बसवायचं नाही, ही मायची रीत. तिने स्वतःचं ताट ओढून घेतलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. जेवता जेवता ती त्याच्याकडे वाकून, अगदी अदबीने म्हणाली,

"भाऊ, तुमनी गाडी चांगली शे. पन तेवढी बंद ठेवा. त्या येतीन ते माले ऐकू येवाले जोयजे."

आबा येतील तेव्हा ते तिला ऐकू यायला हवं होतं. भाऊ उठला, हात न धुता बाहेर गेला आणि इंजिन बंद करून आला.

तेव्हापासून त्याने जीप दारात चालू केलेली नाही. ती शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. व्यापाऱ्याच्या मुलाने दोनदा मागितली, भाऊ नाही म्हणाला. संध्याकाळी तो पायी फरशीपर्यंत जातो आणि परत येऊन ओट्यासमोर उभा राहतो. माय त्याला बसा म्हणते, गाव कोणतं ते विचारते. मी जळगावहून रोज फोन करते, माय जेवली का विचारायला. तो म्हणतो, जेवली, पाव्हण्यासोबत.