उशाशी ठेवलेले लाडू

दुसऱ्याची गोष्ट संपायच्या आधीच हसून मोकळं व्हायचं, ही माझी जुनी खोड. रविवारी बायकोबरोबर अवोन्डेलच्या बाजारात गेलो, तिथे ती नडली.

तिथे एक ओळखीचा गृहस्थ दर आठवड्याला भेटतो. भेंडीचा शेंडा मोडून बघतो, मोडलेली भेंडी परत ढिगात टाकतो आणि बोलताना समोरच्याचा दंड धरून ठेवतो. या वेळी केनियाची सफारी होती. "हीप्स हत्ती रे, ढीगभर! अगदी तंबूच्या दारात!" तंबूत खायचं काही ठेवू नका, असं कॅम्पवाल्यांनी बजावलं होतं. याने उशाशी बेसनाचे लाडू ठेवले. हा जेवायला गेला आणि बबून माकडांनी आत घुसून लाडू संपवले, गादीही फाडली. इथे मी खो खो हसलो.

"अरे, पुढे ऐक ना! मी मॅनेजरला सांगितलं, साफसफाईवाल्या बाईने झिप उघडी टाकली. लगेच दुसरा तंबू! तिला त्याच दिवशी कामावरून काढलं."

"पण चूक तुझी होती ना?"

"चिल यार. मिळेल तिला दुसरं काम."

एवढं बोलून तो पुढच्या भेंडीकडे वळला. मी कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली आणि निघालो. गाडीत बसल्यावर मात्र नालायक, निर्लज्ज, जे सुचेल ते म्हणत सुटलो, ते थेट आमचं माउंट रॉस्किल येईपर्यंत.

बायको म्हणाली, "माझ्यावर कशाला ओरडतोयस? कॅम्पचं नाव मी विचारून घेतलंय. घरी गेल्यावर त्यांना खरं काय ते लिही."