तळटीप क्रमांक एकेचाळीस

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर झेरॉक्सचं एक दुकान आहे. तिथे यंत्रापाशी जी बाई उभी असते, तिला विद्यार्थी 'मॅडम' म्हणतात आणि ती दर वेळी सांगते, "मॅडम नको, ताई म्हणा." प्रबंधाच्या प्रती काढता काढता ती पानं वाचते. मधेच हात थांबवते आणि म्हणते, "ही तळटीप बदल. 'एक वयस्कर कामगार' एवढंच लिही. त्याची पाळी कुठली, खातं कुठलं, ते कशाला?" पोरं एकमेकांकडे बघून हसतात. झेरॉक्सवालीला तळटिपांतलं काय कळतंय! कळतंय, बाबांनो. तुम्हाला दोन जन्मांत कळणार नाही एवढं कळतंय.

या ताईला मामांनी वाढवलं. आईबाप ती चार वर्षांची असतानाच गेले. मामा काचेच्या कारखान्यात पहारेकरी, लग्न केलेलं नाही. कामगारांच्या वसाहतीत दोन खोल्यांचं घर, आणि भिंतीला भिंत लागून शेजारी वहिनी. वहिनींचा नवरा मामांचा जिवलग दोस्त. कारखान्याच्या फाटकावर चेंगराचेंगरीत तिघं गेले, त्यात तो गेला. तेव्हापासून वहिनींच्या घरचं पाणी मामांनी भरलं, गॅसची टाकी मामांनी आणली, गळकं छप्पर मामांनी दुरुस्त केलं. आणि भाचीच्या वेण्या वहिनींनी घातल्या. रोज चार वाजता मामा वहिनींच्या ओट्यावर चहाला बसायचे. वसाहतीतल्या वाईट तोंडांनी पहिली काही वर्षं काय बोलायचं ते बोलून घेतलं, मग त्यांचीच तोंडं दुखली.

त्या चेंगराचेंगरीची गोष्ट वसाहतीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. संपाचा तिसरा आठवडा चालू होता, दुपारी दोनला कामगार फाटकावर आले, मालकाने आतून कुलूप घातलेलं, मागून गर्दीचा रेटा आला आणि पुढचे गजांवर चिरडले. मालक खुनी, पुढारी देव. युनियनचा तो पुढारी त्याच फाटकावरच्या भाषणावर पुढे निवडून आला आणि मरेपर्यंत निवडून येत राहिला. आता त्याचा मुलगा त्याच जागेवर उभा राहायचा. फाटकाजवळ दगड बसवला होता, त्यावर तिघांची नावं. त्याखाली, 'मालकाच्या कुलपाचे बळी'.

भाची हुशार निघाली. विद्यापीठात तिने जोड पदवी घेतली, इतिहास आणि राज्यशास्त्र एकत्र. मामांना याचं फार कौतुक. "दोन-दोन विषय! एकात नापास झालीस तर दुसरा आहेच," म्हणायचे आणि स्वतःच्याच विनोदावर हसायचे. हाक मारायची तर 'पंडितीणबाई'.

इतिहास तळमजल्यावर आणि राज्यशास्त्र तिसऱ्यावर. खालचे म्हणायचे, ही वरची पोरं, यांना घाई फार. वरचे म्हणायचे, ही खालची पोरं, मेल्याशिवाय माणसाबद्दल बोलत नाहीत. जोडवाल्यांना ना घर ना घाट. ते जिन्याच्या मधल्या वळणावर डबे उघडायचे. तिच्याबरोबर एक मुलगा होता, त्याला सगळे 'माईक' म्हणायचे. साधं मीठ मागायचं तरी सभेला उद्देशून बोलल्यासारखं मागायचा. "पंडितीण, तू काल काय झालं ते शोध, उद्या काय करायचं ते मी बघतो," असं म्हणून तिच्याच डब्यातली भाजी उचलायचा. ती हसायची. तेव्हा हसायला काय जातंय!

शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. तिला विषय मिळेना. इतिहासाचे सर म्हणत हा फार अलीकडचा, राज्यशास्त्राच्या मॅडम म्हणत तो फार जुना. महिना गेला. एका रविवारी ती डोकं धरून बसलेली बघून मामांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "तुला एक सांगतो. माझं नाव नको. नाव नको म्हणजे नको. वहिनींच्या कानावर गेलं तर मी जगायचो नाही."

तिने टेपरेकॉर्डर लावला. मामांनी सांगितलं.

त्या दिवशी कामगार संप मोडायलाच आले होते. घरात दाणा नव्हता, ते आत जाणार होते. दीड वाजता पुढारी दोन नंबरच्या फाटकावर आला. म्हणाला, "कुलूप घाल आणि किल्ली माझ्याकडे दे. आज आत गेले तर तीन आठवडे पाण्यात." मामा पहारेकरी मालकाचे, पण वर्गणी युनियनची भरायचे. त्यांनी कुलूप घातलं, किल्ली दिली. दोन वाजता रेटा आला तेव्हा मामा गजांच्या आतल्या बाजूला रिकाम्या हातांनी उभे होते. वहिनींचा नवरा गजाला चिकटलेला. तो ओरडला, "अरे, उघड ना!" संध्याकाळी पुढाऱ्याने भाषणात मालकाचं नाव घेतलं. मामा गप्प बसले. त्या दिवशी गप्प बसले, मग दुसऱ्या दिवशी बोलायला आणखी जड गेलं, आणि असं करता करता तीस वर्षं गेली.

फीत संपली. चार वाजले तसे मामा उठले आणि वहिनींकडे चहाला गेले.

भाचीने नाव घातलं नाही. जिवापाड जपलं. पण प्रबंध दोघांकडे जायचा होता. इतिहासाच्या सरांनी कच्चा मसुदा परत केला. "'एका माणसाने सांगितले'? या काय चव्हाट्यावरच्या गप्पा आहेत? तळटीप म्हणजे पत्ता. वाचणाऱ्याला त्या दारापर्यंत जाता आलं पाहिजे." ती तिसऱ्या मजल्यावर मॅडमकडे गेली. मॅडम म्हणाल्या, "नाव हवंय कुणाला? माणूस महत्त्वाचा नाही, त्याची जागा महत्त्वाची. जागा लिही." तिला हायसं वाटलं. दोघांचं समाधान एका ओळीत होत होतं. तिने तळटीप क्रमांक एकेचाळीस लिहिली: 'घटनेच्या दिवशी पहिल्या पाळीला दोन नंबरच्या फाटकावर असलेला पहारेकरी, आता निवृत्त, मुलाखत ध्वनिमुद्रित.'

दोन-दोन शास्त्रं शिकलेली पोरगी, आणि तिच्या लक्षात आलं नाही की फाटकाला पहारेकरी एकच असतो. सरांच्या लक्षात आलं नाही, मॅडमच्या नाही. वसाहतीतला कुठलाही शाळा सोडलेला पोरगा सांगू शकला असता. पण तळटीप वसाहतीत कोण दाखवतंय?

पहिला वर्ग मिळाला. चार वर्षांत ती त्याच जोड पदवीच्या पोरांना शिकवायला लागली, हंगामी म्हणून, आणि विद्यापीठाजवळ खोली घेऊन राहू लागली. त्या वर्षी कायम होणार होती. मामांनी तर वहिनींना सांगूनही टाकलं होतं.

आणि निवडणूक आली. माईक आता खराखुरा माईकवाला झाला होता, पुढाऱ्याच्या मुलाच्या विरोधातल्या पक्षाचा. ग्रंथालयात जाऊन त्याने आपल्या वर्गमैत्रिणीचा प्रबंध काढला आणि भर सभेत, त्याच दगडाशेजारी उभं राहून, कुलपाची हकीकत आणि तिच्याखालची एकेचाळीस नंबरची तळटीप वाचून दाखवली. टाळ्या पडायच्या आत मागून कुणीतरी म्हणालं, "पहिल्या पाळीला दोन नंबर? अरे, हा तर आपला मामा!"

ती धावत माईककडे गेली. तो म्हणाला, "मी नाव घेतलं का? तुझ्यापेक्षा एक अक्षर जास्त बोललो नाही." आणि ते खरंच होतं, मेल्याचं.

मामांकडे पोचली तेव्हा मामा दाराकडे पाठ करून बसले होते. म्हणाले, "वाच गं, काय लिहिलंयस ते." तिने वाचलं. मामा थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं करत राहिले.

"दोन नंबरला पहिल्या पाळीला मी एकटाच होतो गं."

"मामा, मी नाव नाही घातलं."

"हो, नाव नाही घातलंस. ते खरं आहे."

शेजारचं दार बंद होतं. चार वाजले, ते उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी वहिनींच्या ओट्यावरचा मामांचा कप मामांच्या उंबऱ्यावर आणून ठेवलेला होता, धुऊन, पालथा. पाण्याचे हंडे वहिनी स्वतः आणायला लागल्या. साठी ओलांडलेली बाई, कमरेत वाकलेली. मामा खिडकीतून बघत बसायचे. जेवण सुटलं. बारा दिवसांत माणूस अर्धा झाला.

तेराव्या दिवशी पुढाऱ्याचा मुलगा आला. त्याच्या हातात टाइप केलेला कागद होता. 'मी असे काहीही सांगितलेले नाही. कुलूप मालकानेच घातले. माझ्या भाचीने पदवीसाठी माझ्या तोंडी खोटे घातले.' मामांनी कागद दोनदा वाचला आणि सही केली. भाचीला निरोपसुद्धा पाठवला नाही. काय तोंडाने पाठवणार?

विद्यापीठाने चौकशी लावली. टेबलापलीकडे सर, मॅडम आणि कुलसचिव. ज्या दोघांनी ती ओळ तिच्याकडून लिहून घेतली, तेच आता ती ओळ तिला वाचून दाखवत होते.

"मुलाखत ध्वनिमुद्रित, असं लिहिलंय. फीत कुठे आहे?" कुलसचिवांनी विचारलं.

फीत तिच्या पर्समध्ये होती. तिने आणली होती ती वाजवायलाच. आदल्या दिवशी ती संतापाने दातओठ खात होती. मला खोटारडी म्हणता काय, ऐका मग! पण सकाळी येताना ती वसाहतीवरून आली होती. दुपारचे चार नव्हते, सकाळचे नऊ होते, तरी मामा वहिनींच्या ओट्यावर बसलेले तिला रस्त्यावरून दिसले. हातात कप होता.

"फीत नाही," ती म्हणाली.

"हरवली?"

"नव्हतीच."

सरांनी चष्मा काढला. मॅडमनी खाली बघितलं. जिन्याच्या वळणावर कानाला रेकॉर्डर लावून लिहीत बसलेली ही पोरगी मॅडमनी चाळीस वेळा पाहिली होती, पण त्या बोलल्या नाहीत. त्यांचं निवृत्तिवेतन जवळ आलं होतं. पदवी काढून घेतली, नोकरी गेली. पुढाऱ्याचा मुलगा निवडून आला. माईक पुढच्या वर्षी त्याच्याच पक्षात गेला. त्यात नवल ते काय!

बरेच महिने ती वसाहतीत फिरकली नाही. मग एक दिवस, झेरॉक्सचं काम लागल्यावर, गेली. पर्समध्ये फीत होती. का नेली होती ते तिलाही सांगता आलं नसतं. मामांच्या हातात द्यायची होती की वाजवायची होती, कोण जाणे.

चार वाजले होते. मामा ओट्यावर, वहिनी स्टोव्हपाशी. तिला बघून वहिनी उठल्या.

"आलीस? लाज नाही वाटली?" वहिनी म्हणाल्या. "या हातांनी तुझ्या वेण्या घातल्या गं मी. तीस-पस्तीस वर्षं या माणसाने माझं पाणी भरलं, आणि तू यांना माझ्या नवऱ्याचा खुनी ठरवलंस? एका कागदासाठी? आणि मीही आंधळी, बारा दिवस यांच्या चहाचा कप पालथा ठेवला. यांनी तोंडातून शब्द काढला नाही. कुणासाठी? तुझ्यासाठी!"

भाचीचा हात पर्सवर गेला. मामांनी तो हात पाहिला. त्यांनी ओळखलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ज्या माणसाने तिला बोट धरून शाळेत नेलं, तो तिला घाबरला होता.

"राहू द्या वहिनी," मामा म्हणाले. "लहान आहे. चुकली."

"चुकली, तर तोंडाने म्हणू दे. माफी माग यांची."

भाचीने पर्स बाजूला ठेवली. ओट्याच्या पायरीवर बसून तिने मामांची माफी मागितली. खोटं लिहिलं म्हणाली, पदवीसाठी लिहिलं म्हणाली. मामा "असू दे, असू दे" म्हणत राहिले, तिच्याकडे न बघता. मग वहिनींनी डोळे पुसले, आणखी एक कप विसळला आणि तिलाही अर्धा कप चहा ओतला.